कणकेवरचं माप

सिद्रामप्पांनी मोटारीची किल्ली फिरवली की असा खर्रर्र आवाज व्हायचा, की आत पूजेला बसलेल्या रुद्राणीबाईंच्या हातातली घंटा थांबायची. मग गल्लीतली माणसं ढकलायला यायची.

अप्पांचा जन्म लातूरच्या दालमिलवर मुकादमी करण्यात गेला. पोरं मार्गी लागल्यावर हौसेनं ही जुनी पांढरी मोटार घेतली. महादेवाच्या दर्शनाला तीच, गल्लीतल्या अडल्या बाळंतिणीला तीच. आता मात्र पुण्याहून लेकाचा, वीरेशचा, फोन आला.

"अप्पा, रविवारी भंगारवाला येईल. लई झालं ते ढकलणं."

अप्पांनी लगेच मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

बजरंग मिस्त्रीनं गाडीचं नाव सांगून इंजिनला पहिला फेरा देणारा सेल्फ दोनदा नवा आणला, दोन्ही जुळेनात म्हणून परत गेले. "अप्पा, अंग हिचं हाय, पण पोटातलं इंजिन दुसऱ्याच गाडीचं. आधीच्या मालकाचा कारभार! आता नावावर भागत न्हाई. सेल्फ इंजिनच्या ज्या रिंगेला फिरवतो, तिचे दाते बघून जोडी लावा लागते."

"मग काढ रिंग."

"त्याला अख्खं इंजिन उतरवा लागतंय. रविवारपर्यंत कुठं होतंय?"

चहा घेऊन आलेल्या रुद्राणीबाईंनी सेल्फ काढलेल्या भोकातून डोकावून बघितलं. आत रिंगेचे दाते दिसत होते.

"काढता कशाला? ठसा घ्या की. घट्ट कणीक मळून देते."

"काकू, गाडीला पोळ्या चारताय व्हय?"

"आधी तू चहा पी, मग दात काढ."

बजरंगनं दाते पुसून तेलाचं बोट फिरवलं आणि गोळा दाबला. साच्यातून काढावा तसा ठसा उमटला. बोल्टच्या भोकांचं माप कागदावर घेतलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली कणीक डब्यात घालून अप्पांनी नांदेडची एसटी धरली.

जुन्या सामानाच्या दुकानात साहेबरावांनी डबा उघडला. "अप्पा, न्याहारी आणली व्हय?"

"न्याहारी न्हाई, नवरीचं माप हाय. नवरदेव दावा."

एका सेल्फच्या चाकाचे दाते जाड निघाले, दुसऱ्याचे बारीक. शेवटी एका जुन्या टेम्पोचा सेल्फ ठशात अलगद बसला. भोकंही कागदाशी जुळली.

शनिवारी संध्याकाळी बजरंगनं तो बसवला. अप्पांनी किल्ली लावली.

"शिवाचं नाव घ्या अन् फिरवा," रुद्राणीबाई म्हणाल्या.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं. ना खरखर, ना कुरकुर. अप्पांनी वीरेशला फोन लावला. त्यांनी फोन नुसता बॉनेटजवळ धरला. मग गाडी बंद करून पुन्हा सुरू केली.

पलीकडून हसू आलं. "कळलं अप्पा. सांगतो त्याला येऊ नको म्हणून. आता बंद करा, तेल जळतंय."

अप्पांनी बंद केली. आणि फोन खिशात गेल्यावर आणखी एकदा सुरू केली.