वळणावरची टकटक

गाडीचं दुखणं कानानं धरायचं, हा माझा बाणा. नरसी नामदेवच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. खड्ड्यात ठक्क वाजलं तर सस्पेन्शन, चाक वळवताना टकटक वाजलं तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. गाडीखाली घुसून शोधत बसणाऱ्यांना मी हसायचो. "कान न्हाईत का रे तुमाला?" म्हणायचो. आता घण मारून मारून माझेच कान गेलेत आणि ते कुणाला सांगायचं म्हटलं की लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होतं.

म्हणून दाजींची, म्हणजे थोरल्या ताईच्या नवऱ्याची गाडी आली तेव्हा मी नाटक केलं. काच खाली करून एक चक्कर मारली, जाणत्यासारखी मान हलवली. ऐकू मात्र काही म्हणता काही आलं नाही.

"खड्ड्यातच वाजून राहिली ना?" मी विचारलं.

दाजी घुटमळले. "तसंच काहीतरी."

मी सस्पेन्शनचा लिंक रॉड बदलला. दाजी गाडी फिरवून आले, माझ्याकडं न बघता मोठ्यानं म्हणाले, "बराबर झालं." माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून मी आणि ताई साखऱ्याला, तिच्या पोरीच्या सासरी गेलो. भाचीला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आमच्यात पोरीला आणायला मामानं जायचं असतं. सासूनं ओटी भरली, भाची मागं बसली. गाव सुटलं, पहिलं वळण आलं, तसं तिनं आईला काहीतरी सांगितलं. ताई माझ्याकडं तोंड करून ओरडली. हल्ली ती ओरडूनच बोलते, मी ते तिच्या वयावर ढकललं होतं.

"वळताना टकटक वाजून राहिलं म्हणते ही!"

मी गाडी कडेला घेतली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि कितीतरी दिवसांनी चाकापाशी गुडघे टेकले. जॉइंटवरचं रबर फाटलं होतं, आतलं ग्रीस उडून चाकाला माखलं होतं. असा जॉइंट भर रस्त्यात कधीही तुटतो. नुसतं वाकून बघितलं असतं तरी कालच दिसलं असतं. पण वाकायचं म्हणजे कान गेल्याचं कबूल करायचं.

उठलो, ताईच्या खिडकीशी आलो. "ताई, मला ऐकू येत न्हाई."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. पहिल्यांदाच एवढ्या हळू बोलली, मी तिच्या ओठांवरून ओळखलं. मग नेहमीसारखा आवाज चढवला. "सगळ्याइला म्हाईत हाय. गाडीचा आवाज गेला न्हाई हे तुझ्या दाजींना कालच कळलं होतं. तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाईत. म्हणले, हळू गेलं की येईल घरापोत."

मागं भाची ओटीचा नारळ धरून खाली बघत बसली होती. माझी लाज राखायला घरच्यांनी तिला, पोटातल्या लेकरासकट, या गाडीत बसवलं होतं.