३८६२ साठी आणखी एक अर्ज

३८६२ या आकड्यात कुणाला हेवा वाटावा असं काही नाही. बेरीज नऊ येत नाही, चारही आकडे सारखे नाहीत, ओळीनं चढत-उतरतही नाहीत. रायपुरात ज्यांना नंबराची हौस आहे ती माणसं याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत. त्यामुळे दोन-अडीच महिन्यांपूर्वी सुनेनं मोबाइलमधून मान वर करून सांगितलं, "बाबूजी, आपके नंबर पर एक और अर्जी आई है," तेव्हा मला वाटलं ती थट्टा करते आहे.

"कोणाची?"

"नाम नहीं दिखाते. अब नीलामी होगी."

मुलानं नवी गाडी ठरवली होती. कंपनी त्याच्या पसंतीची, रंग सुनेच्या. मी फक्त नंबर मागितला होता. हाच का, असं मुलानं विचारलं तेव्हा म्हणालो, आजोबांच्या स्कूटरचा होता. तेवढं खरं होतं. पण त्या स्कूटरचं पुढे काय झालं, हे मी घरात कधी खरं सांगितलं नव्हतं. आणि जिला सांगायलाच हवं होतं, त्या माझ्या धाकट्या बहिणीला मी चाळीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं की स्कूटर बाबांनी स्वतः विकली. बाबांनी ती विकली नव्हती. मी विकली होती, आणि तीसुद्धा ते गेल्यावर.

बाबा रेल्वेच्या नोकरीनं विदर्भातून इकडे आले आणि इथलेच झाले. बुकिंग करून कित्येक वर्षं वाट पाहिल्यावर त्यांना स्कूटर मिळाली. आमच्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पेंटरनं तिची पाटी रंगवली. पुढची अक्षरं तेव्हा मध्यप्रदेशची होती. पेंटरनं तीनच्या आकड्याला वरून सपाट टोपी घातली होती, त्यामुळे आमची गाडी लांबूनही ओळखू यायची.

चालवायला शिकण्याचा पहिला मान माझा. मी वीस वर्षांचा होतो. दुसऱ्याच रविवारी मी मैदानाच्या कडेच्या नालीत गेलो आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. त्यानंतर मी तिला हात लावला नाही. बहीण तेव्हा सोळाची. ती दोन रविवारांत शिकली आणि तिसऱ्या रविवारी बाबांना मागे बसवून बाजारात घेऊन गेली. पाऱ्यातली माणसं ओट्यावर येऊन पाहू लागली. बाबा मागून ओरडून सांगत होते, "पाहून घ्या! माह्यानंतर ही गाडी पोट्टीची!" पुढेही ते हे अनेकदा म्हणाले. तिच्या लग्नात व्याह्यांसमोरसुद्धा म्हणाले.

बाबांचं आजारपण लांबलं. बहीण बिलासपूरला सासरी होती, सगळं मीच केलं. स्कूटर त्या काळात मेकॅनिकच्या टपरीमागे धूळ खात उभी होती. तेरवीच्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे बसले होते. बहिणीनं विचारलं, "भाऊ, गाडी कोठी हाय? जाताना घेऊन जातो म्हणते हे."

तिथे बसलेले काका, मामा, शेजारी माझ्याकडे पाहू लागले. एवढे महिने सेवा मी केली आणि गाडी हिची, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, "बाबानं विकली. दवाखान्यात जायच्या आधीच."

"मले न सांगता?"

"मलेबी मागून कळलं."

त्या वेळी गाडी टपरीमागे तशीच उभी होती. खोटं आधी बोललो आणि मग ते खरं करत बसलो. मालक गेल्यावर गाडी विकायची तर सगळ्या वारसांची संमती लागते, म्हणजे बहिणीचीही. ती टाळायला मी विक्रीच्या कागदावर बाबा जिवंत असतानाची तारीख घातली आणि त्यांची सही केली. रेल्वेच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ती आधी गिरवून पाहिली. बाबा सहीखाली उजवीकडून डावीकडे एक लांब शेपटी ओढायचे, ती काही केल्या साधत नव्हती. शेवटी साधली. गाडी अभनपूरच्या एका दूधवाल्यानं नेली. मला ती ठेवून घ्यायची नव्हतीच. मला ती चालवताही येत नव्हती.

दिवाळीला बहिणीनं पुन्हा विचारलं तेव्हा मी कागदाची नक्कल तिच्यापुढे ठेवली. तिनं सहीवरून बोट फिरवलं, कागद घडी करून परत दिला आणि त्यानंतर स्कूटरचा विषय कधी काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

नंबर मागण्यामागे माझा हेतू काय होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही. म्हाताऱ्या माणसाला आपण काहीतरी भरून देतो आहोत असं वाटून घ्यायचं असतं. पण लिलावाचं कळल्यापासून हे सगळं बाजूला पडलं आणि मला एकच प्रश्न छळू लागला. माझ्याशिवाय ३८६२ कुणाला हवा आहे?

सकाळी फिरताना पाट्या वाचायची मला सवय होतीच, आता मालकांना गाठून विचारूही लागलो. पाट्या आता सगळ्या एका साच्यातल्या. अक्षरांची हौस संपली, आकड्यांची मात्र वाढली. समता कॉलनीतल्या एका डॉक्टरांच्या एका गाडीवर लग्नाची तारीख आहे, दुसरीवर बायकोचा वाढदिवस. म्हणाले, "पहले दोनों भूल जाता था. अब ड्राइवर गाडी धोता है तो याद आ जाता है." एका राइस मिलवाल्यानं नंबर आधी घेतला होता, गाडी नंतर. "गाडी तो मिल जाती है काकाजी, नंबर नहीं मिलता." बीरगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक जण दुसऱ्याची जुनी मोटरसायकल घेऊन फिरतो, कारण तिचा नंबर त्याच्या हजेरीच्या टोकनचाच आहे. तो म्हणाला, "बीस साल मुझे इसी से बुलाया. घर में कोई तो हो जिसको मैं बुलाऊँ."

म्हणजे प्रत्येक नंबरामागे कुणीतरी माणूस असतो. मग माझ्या नंबरामागे कोण? विचार करता करता मला दूधवाला आठवला. त्यानं ती गाडी कित्येक वर्षं चालवली असणार. त्याच्या मुलानं बापाच्या आठवणीसाठी नंबर मागितला असेल तर? बहीण मनात आलीच नाही असं नाही, पण तिला मी लगेच वगळलं. जिनं गाडीचं नावसुद्धा टाकलं, ती नंबर कशाला मागेल?

मी बसनं अभनपूरला गेलो. विचारत विचारत त्याचं दुकान सापडलं. आता तिथे पेढे आणि खवा मिळतो. म्हातारा दारातच खुर्चीवर बसलेला होता. माझ्यापेक्षा थकलेला, पण त्यानं मला ओळखलं.

"स्कूटर? वो तो कब की कबाड़ में गई, भैया. बहुत दूध ढोया उसने."

"आणि नंबर?"

तो हसला. "नंबर किसको याद रहता है? रंग याद है, हरा था." मग म्हणाला, "आपके पिताजी बड़े सीधे आदमी रहे होंगे. जाते-जाते भी दस्तखत करके गए. आप ही ने बताया था."

"हव," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये तो एकच शब्द माझ्या तोंडात कडवट लागत राहिला. चाळीस वर्षांनंतर, कुणी विचारलेलं नसताना, कसलाही लाभ नसताना, मी तेच खोटं पुन्हा बोललो होतो.

लिलाव दिवसाउजेडी, आमच्या जेवणाच्या टेबलावरच झाला. सून मोबाइल घेऊन बसली, मी चष्मा लावून तिच्या शेजारी. आम्ही बोली वाढवली की समोरचा लगेच वाढवायचा, पण नियमानं जेवढी वाढवावी लागते तेवढीच. एक पायरी, त्याहून जास्त नाही. पुन्हा आम्ही, पुन्हा तो.

"बाबूजी, बड़ा चिपकू आदमी है," सून म्हणाली. "पैसेवाला होता तो एक बार में उछाल देता."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे भाजीबाजार आला. भाजीवाला आकडा सांगायचा, आणि माझी बहीण दमडीदमडीनं वर चढायची, घाई न करता, पिशवी खांद्यावर, पाय रोवून. दोन-दोन दुकानदार थकायचे, ती थकायची नाही. हा आकडा पाठ असलेली माणसं जगात दोनच उरली होती. एक या टेबलाशी बसला होता.

"बाबूजी, बोलो ना! टाइम जा रहा है!"

"राहू दे."

"क्या? इतना सब करके?"

"ज्याचा आहे त्याले जाऊ दे."

वेळ संपली. सून रुसली. मुलाच्या गाडीला जो मिळाला तो नंबर लागला, आणि तो मला अजून पाठ नाही.

महिनाभरानं एका दुपारी फाटकाबाहेर हॉर्न वाजला. वाजला तो वाजतच राहिला. बाहेर गेलो तर छोटी पांढरी गाडी आणि तिच्यात माझी अडुसष्ट वर्षांची बहीण. नवरा गेल्यावर ती रायपुरात परत आली, समता कॉलनीत एकटी राहते. शाळेत शिकवत होती तोवर स्कूटी चालवायची. गाडी घेणार आहे हे तिनं मला कळू दिलं नव्हतं, जसं मीही तिला काही सांगितलं नव्हतं. मी पाटी वाचली. मला ठाऊक होतं, तरी पुन्हा एकदा वाचली.

"पाह्यलं का, भाऊ? ओळख बरं कोणाचा नंबर हाय!" ती खाली उतरली. "आन कसा भेटला म्हणतं? कोणीतरी मेला शेवटपर्यंत भिडून राहिला होता माह्याशी. मी म्हटलं, चढ बाप्पा, किती चढतं ते पाहतो. मंग एकदम पळाला."

"तो पळपुटा मीच."

ती बॉनेटला धरून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "तू? अरे देवा! तुले कायले पायजे होता? तुले तं नालीच आठवत असन."

"पहिले तू सांग. तुले कायले?"

हसू हळूहळू ओसरलं. तिनं पाटीवरची धूळ पदरानं पुसली. खरं म्हणजे पाटीवर धूळ नव्हती. "बाबा विसरले. त्याईची मर्जी. मले नाई विसरता आलं. म्हटलं, त्याईनं नाई देली तं त्याईचा शब्द आपणच पाळू."

मी फाटकाला टेकलो आणि सांगितलं. टपरीमागे उभी असलेली गाडी, तेरवी, कॅलेंडर, अभनपूर. शेवटी तिनं फक्त विचारलं, "सही?"

"मीच केली."

"तारीख?"

"तीबी मीच घातली."

ती गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली. दोन्ही हात स्टिअरिंगवर. सून दारातून कुजबुजली, "बुआजी को क्या हुआ?" मला वाटलं, आता ही निघून जाईल. ती गेली नाही. बऱ्याच वेळानं काच खाली आली.

"चाळीस वर्षं बाबाच्या फोटोले हार घातला मी," ती म्हणाली. "हात जोडले, पन कोरडेच. इतकं बोलून विसरला कसा हा माणूस, हेच मनात यायचं. माहीत हाय तुले?"

मला माहीत नव्हतं. माझ्या हिशेबात मी तिची एक स्कूटर घेतली होती.

"अवं, माह्यं चुकलं..."

"तोंडी नाई पायजे. तेव्हा तू मले कागद दाखवला होता ना? आता बी कागदच दे. सगळं लिही. नालीत कसा पडला, ते बी लिही." तिनं गाडी सुरू केली. "आन तेरवीले जे बसले होते, त्याईच्यातले जे जिवंत हायेत, त्याईलेबी पाठव."

गाडी वळणावर जाईपर्यंत मी पाटीकडे पाहत होतो. तीनच्या डोक्यावर आता टोपी नाही. तरी तो तोच आहे.

त्याला तीन आठवडे झाले. ती आली नाही, फोनही उचलत नाही. हा कागद मी तीनदा लिहिला आणि दोनदा फाडला, कारण पहिल्या दोन्हींत मी केलेल्या सेवेबद्दल फार लिहिलं होतं. तेरवीला बसलेल्यांपैकी चार जण आज आहेत. त्यांच्यासाठी चार प्रती काढल्या आहेत. मूळ कागद उद्या सकाळी मीच समता कॉलनीत नेऊन देईन. ती दार उघडेल की नाही, ते पाहायचं.

बाबांनी स्कूटर विकली नव्हती. ते आपला शब्द विसरले नव्हते. ती शेवटपर्यंत पोट्टीचीच होती.

खाली सही करताना एक गोष्ट ध्यानात आली. त्या वेळी बाबांची सही इतकी गिरवली, की तिची शेपटी माझ्या सहीत केव्हा येऊन बसली ते मला कळलंच नाही. बँकेत, पेन्शनच्या कागदांवर, नातवंडांच्या प्रगतिपुस्तकांवर मी चाळीस वर्षं तीच ओढत आलो. आज ओढली नाही. सही जरा बोडकी दिसते, पण माझी आहे.