बूट मेला की नाही

स्केटिंगचा बूट कधी बदलायचा, हे तेराव्या वर्षी मला पक्कं ठाऊक होतं. धाकट्या बहिणीचा पाय मोडला तो मला ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे, ठाऊक होतं म्हणून.

भुसावळजवळ वीजकेंद्राच्या कॉलनीत आम्ही राहायचो. वडील फिटर होते. ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. क्लबच्या मागे सिमेंटची रिंक होती आणि स्टोअरमधले एक क्लार्क संध्याकाळी तिथे मुलींना गिरक्या नि उड्या शिकवायचे. पुण्यात शिकलेले होते, म्हणून आम्ही त्यांना सर म्हणायचो. दरवर्षी ते एकाच मुलीला नाशिकच्या स्पर्धेला न्यायचे.

आमच्या घरात बूटवाल्या स्केटचा एकच जोड होता, बदली होऊन गेलेल्या एका साहेबांच्या मुलीचा. मी थोरली, म्हणून तो माझा. दोन वर्षांनी लहान बहिणीला कॅन्व्हासच्या बुटांवर पट्ट्यांनी आवळायचे लोखंडी स्केट. त्यांवर उडी मारता येत नाही, पट्टा सरकतो. तरीही ती गिरकी घ्यायला लागली की कडेला बसलेल्या बायका स्वेटर विणायच्या थांबत. मी गिरकी घेतली की विणत राहत. माझ्या पोटात दुखायचं ते इथून.

सर म्हणायचे, "पाय वाढला की बूट बदला, हे दुकानदार सांगतो. बूट मेला की बदला, हे मी सांगतो." मग बुटात हात घालून घोट्यापाशी अंगठा दाबायचे. कातडं टणक लागलं तर बूट जिवंत. पोळीसारखं दुमडलं तर मेला, उडीवरून खाली येताना तो घोटा सांभाळत नाही. चाकं झिजली तर नवी बसवता येतात, मेलेल्या बुटाला औषध नाही.

आमच्या घरचा कायदा वेगळा होता. थोरलीला वस्तू लहान झाली की ती धाकटीची. म्हणून मी वर्षभर बोटं दुमडून स्केटिंग केलं. नखं काळी पडली. आई अमळनेरकडची, घरात अहिराणीच बोलायची. अधूनमधून विचारायची, "पाय वाढना नही का वं तुना?"

"नाही," मी म्हणायचे.

शेवटी अंगठ्याचं नख निघून मोज्यातच राहिलं आणि धुताना आईच्या हाती लागलं. वडील चिडले, पण नवा जोड आणायला तयार झाले. एकच. त्याच संध्याकाळी सर चहाला आले. मी मोरीपाशी उभी होते.

"भाऊ, एकच घेणार असाल तर आधी मी जुने बघतो," सर म्हणाले. "जिवंत असले तर जुने धाकटीला, नवे थोरलीला. पण मेले असले तर नवे धाकटीलाच घ्या. ती उडेल. हिला पट्ट्यांचे पुरेत."

हिला. मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते.

जुने बूट मेलेले होते, मी ते कधीच दाबून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गिरणीत गेली तेव्हा मी घोट्याजवळचं उसवलेलं अस्तर उचललं. वहीचा निळा पुठ्ठा कापून दोन्ही बुटांत आत सरकवला, सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावलं आणि वरून पॉलिश केलं. एवढं नीट काम मी शाळेत कधी केलं नव्हतं. संध्याकाळी सरांनी अंगठा दाबला.

"टणक आहेत. वर्षभर जातील."

बहीण माझ्या गळ्यात पडली. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं, आणि कापणाऱ्याला त्या वेळी काही होत नाही. मी तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

माझे नवे बूट आले. ती पंधरा दिवसांत माझ्याहून उंच उडायला लागली. सर मला हाक मारायचं विसरायला लागले. पण पुठ्ठा रोज घाम पीत होता. एका संध्याकाळी ती उडाली, खाली आली आणि बूट घोट्यातून आडवा झाला. आवाज मला रिंकच्या कडेला ऐकू आला. मी नवी लेस बांधत होते. मला आनंद झाला. आधी आनंद झाला, मग भीती वाटली. क्रम तोच होता, त्यात मी कधीच बदल करून सांगणार नाही.

दवाखान्यात पाय सुजून बूट निघेना. कंपाउंडरनं कात्रीनं कापला. वडील बाहेर केसपेपर काढत होते. अस्तरातून लगदा झालेला निळा तुकडा तिच्या मांडीवर पडला. त्यावर वहीचं लेबल होतं, लेबलावर माझं नाव, माझ्याच अक्षरात. मूर्खपणाची हद्द. तिनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि तुकडा मुठीत घेतला. वडील आत आले तेव्हा ती फक्त रडत होती.

तिनं ते कुणालाही सांगितलं नाही. स्केटही पुन्हा घातले नाहीत, कारण घोटा बसला तो वाकडाच. नाशिकला मी गेले आणि सातवी आले. सात जणीच होत्या.

पुढे तिला धुळ्याला दिलं, मला जळगावला. वडील निवृत्त होऊन अमळनेरला राहायला गेले. नव्वदचं दशक सरत आलं असताना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघी माहेरी होतो. माझ्या पोरीला तिचे शाळेचे बूट लहान झाले होते आणि बहिणीची पोर त्या जूनमध्ये शाळेत जाणार होती.

"लहानीना पोरले दी टाक ते," आई म्हणाली.

मी बूट पॉलिश करूनच आणले होते. बहिणीनं एक उचलला. तळ पाहिला नाही, लेस पाहिली नाही. आत हात घालून घोट्यापाशी अंगठा दाबला आणि अस्तराच्या शिवणीवरून सावकाश फिरवत नेला. मग दुसराही तसाच पाहिला.

"काय पाही राहिनी वं एवढं?" आईनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "चालतील."

तिनं दोन्ही बूट माझ्यासमोर ठेवले आणि पोरीला माझ्याकडे ढकललं.

"अक्का, तूच घाल तिला. तुझ्या हातानं."

मी खाली बसले. माझ्या डोळ्यांसमोरच बहिणीचा वाकडा घोटा होता. पोरीनं हसत माझ्या मांडीवर पाय ठेवला. तिचा घोटा माझ्या एका मुठीत मावत होता. मी लेस बांधायला लागले, पण गाठ काही बसेना, आणि माझी बहीण घाई न करता बघत राहिली.