संघपालभाऊंनी विचारलेला जास्तीचा प्रश्न

संघपालभाऊ दुर्गे वकील झाले, याला त्यांच्या घरचे अजून पुरते राजी नाहीत. चिमूरला वडिलांना मुलगा तहसीलदार हवा होता. भाऊंनी परीक्षा दिल्या, नापास झाले आणि मग कायदा शिकले. “जो कुठीच पास होत नाई, त्याले कोर्ट पोटाशी घेते,” असं ते चंद्रपूरच्या बाररूममध्ये सांगतात आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसतात.

दुचाकीचे अपघात, शेताच्या धुऱ्याची भांडणं आणि जंगल खात्यानं जप्त केलेल्या बैलबंड्या, एवढंच त्यांचं काम. बैलबंडी सोडवण्यात मात्र त्यांचा हात कोणी धरत नाही. अशा माणसाकडे केंद्राच्या तपास यंत्रणेनं दाखल केलेली फसवणुकीची केस आली, तेव्हा त्यांनी आधी पाणी मागवलं.

आरोपी इसरू गोटा. एटापल्लीच्या पुढे जिथं डांबर संपतं, त्याच्याही आतल्या गावातला माडिया आदिवासी तरुण. बँकेनं त्याला अंगठ्याचं मशीन दिलं होतं. म्हाताऱ्यांनी मशीनवर अंगठा ठेवायचा, इसरूनं त्यांची पेन्शन हातात द्यायची. पण जन्मभर बांबू सोलून आणि तेंदूपानांची पुडकी बांधून त्या अंगठ्यांवरच्या रेषाच गेल्या होत्या. मशीनच्या मते या म्हाताऱ्या जगातच नव्हत्या. मग अंगठे नव्यानं नोंदवायचं शिबिर गावात आलं. तिथलंही मशीन अडलं. इसरूनं म्हाताऱ्यांच्या नावांवर आपलाच अंगठा नोंदवला. शिबिरवाल्याला अंधार पडायच्या आत जंगल ओलांडायचं होतं. त्यानं मान दुसरीकडे वळवली.

त्यानंतर इसरू दर महिन्याला स्वतःच्या अंगठ्यानं सगळ्यांचे पैसे काढायचा आणि घरोघर पोचवायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग दिल्लीच्या संगणकाच्या लक्षात आलं की एका गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या म्हणजे एकच माणूस आहे.

इसरू नागपूरच्या तुरुंगात गेला. गावाची पेन्शन थांबली.

“काऊन केलं गा असं?” भाऊंनी तुरुंगातल्या भेटीत विचारलं.

“त्याईचा अंगठा लागत नव्हता, भाऊ. माहा लागत होता.”

भाऊंना वाटलं, हाच आपला युक्तिवाद. बाहेर आल्यावर वाटलं, हाच त्याचा कबुलीजबाब.

घरी दीपालीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, फाइल उघडून पाहिली. “सात वर्षांचं कलम हाय हे. तुम्ही बैलबंडीवाले. त्याले एखादा मोठा वकील काऊन पाहून देत नाई?”

“मोठा वकील एटापल्ली अजून नकाशावर शोधून राह्यला.”

“मंग त्याले सापडेपर्यंत थांबा.”

भाऊ थांबले नाहीत. त्यांनी आरशासमोर उभं राहून इंग्रजी युक्तिवाद पाठ केला आणि नागपूरच्या विशेष न्यायालयात गेले. मुद्दा साधा होता. म्हातारीला तिचे पैसे मिळाले, तर फसवलं कोणाला? ते सांगायला त्यांनी त्याच म्हाताऱ्यांपैकी एक, सोमारीबाई वड्डे, यांना बचावाच्या साक्षीला आणलं. सोमारीबाई त्याआधी आलापल्लीच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. त्यांची माडिया भाषा न्यायालयाला कळावी म्हणून एटापल्लीची एक शिक्षिका, रिना, दुभाषी म्हणून शपथेवर उभी होती.

“इसरूनं तुमचे पैसे आणून दिले?” भाऊंनी विचारलं.

“दिले म्हणते,” रिना म्हणाली.

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“कधी दिलेच नाहीत, असं झालं?”

“नदी भरली होती तेव्हा उशीर झाला. मंग दिले.”

इथं भाऊंनी खाली बसायला हवं होतं. उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, एवढं एकच भाऊंना कॉलेजातलं पक्कं आठवतं. पण साक्ष इतकी छान चालली होती आणि सरकारी वकिलांचा चेहरा इतका पडला होता, की त्यांना राहवलं नाही.

“आणि त्यानं तुमच्याकडून कधी काही घेतलं?”

रिनानं विचारलं. सोमारीबाईंचा चेहरा एकदम कडक झाला. पाहुण्यांदेखत कोणी घराण्याला नावं ठेवावीत, तसा. त्या तावातावानं बोलल्या.

“घेतलं म्हणते,” रिना हळू आवाजात म्हणाली. “दर महिन्याले. सगळ्या घरांनी दिलं. ‘न देणारे लोक आहो का आम्ही,’ म्हणते.”

सरकारी वकील उभे राहून न्यायाधीशबाईंना म्हणाले, “कमिशन, मॅडम! आणि साक्षीदार बचावाचा आहे, माझा नाही.”

आरोपीच्या पिंजऱ्यातून इसरूनं भाऊंकडे पाहिलं. पुढचा प्रश्न विचारून सावरायला हवं होतं. भाऊ खाली बसले. “पाय आधी बसले, मी त्याईच्या मागून गेलो,” असं ते आता सांगतात.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “काय द्यायच्या?” त्यांनी स्वतःच विचारलं.

सोमारीबाई हातवारे करत बराच वेळ बोलल्या.

“गोरगा, मॅडम,” रिना म्हणाली. “झाडाचा रस. सकाळी गोड लागते, दुपारी चढते. आपल्या कामासाठी कोणी दारात आला, तर त्याले तसंच पाठवत नाई. पानाच्या द्रोणात द्या लागते, अन् त्यानं तिथंच प्या लागते. नाई प्याला तर भांडण झालं समजते.”

“प्रत्येक घरी?”

“प्रत्येक घरी. म्हणून अर्ध्या गावात हा झोपून जाये, म्हणते. बाकीच्याईची पेन्शन दुसऱ्या दिवशी.” सोमारीबाईंनी इसरूकडे बोट दाखवून आणखी एक वाक्य जोडलं. “पोरगा चांगला आहे, पण पचवत नाई, म्हणते.”

न्यायालय हसलं. सात वर्षांचं कलम ऐकताना ज्याची मान ताठ होती, त्या इसरूनं ती आता खाली घातली.

“आणि तो झोपला की पैशांची पिशवी?”

“उशाशी. तिले कोण हात लावीन, म्हणते.”

सरकारी वकिलांनी कागद आवरले. निकाल लागला तो असा. फसवणूक सिद्ध होत नाही. अंगठा खोटा लावला हे खरं, पण त्याची शिक्षा तुरुंगात काढलेल्या काळात भोगून झाली. मशीन मात्र इसरूनं पुन्हा हातात घ्यायचं नाही.

चंद्रपूरला बाररूममध्ये भाऊंचा सत्कार झाला. “काय सवाल टाकला, भाऊ! कुठून सुचला?” भाऊ म्हणाले, “अनुभव.” त्या सगळ्या प्रकरणात खरी फसवणूक तेवढी एकच झाली आणि ती आपण केली, हेही तेच सांगतात.

सुटून बाहेर आलेल्या इसरूनं आभार मानले नव्हते. त्यानं विचारलं होतं, “आता म्हाताऱ्याईचे पैसे कोण काढीन, भाऊ?” भाऊंनी फसवणुकीचा सगळा कायदा वाचला होता. त्यात हे कुठं नव्हतं.

गावाला नवा मशीनवाला अजून मिळालेला नाही. सोमारीबाईंना आता एटापल्लीच्या बँकेत यावं लागतं. निकालानंतर त्यांच्या नावावरचा इसरूचा अंगठा काढून टाकला होता; गेल्या महिन्यात त्यांचा स्वतःचा नोंदवायला भाऊ सोबत गेले. मुद्दाम काळा कोट घालून.

“अंगठा लागून नाई राह्यला,” कॅशियर म्हणाला. “पुसून लावा.”

पुसून लावला. लागला नाही. भाऊंनी त्याला एक कलम ऐकवलं.

“वकीलसाहेब, मशीन कलम ऐकत नाई. मागं रांग हाय.”

सोमारीबाईंनी भाऊंचा हात धरला. अंगठा उलटा करून पाहिला. कागदाशिवाय जन्मात काही न धरलेला, ठळक रेषांचा अंगठा. मग मशीनकडे बोट दाखवून त्या माडियात काही म्हणाल्या. रिना सोबत नव्हती, तरी अर्थ कळला. कॅशियर रांगेतल्या कोणाशी तरी बोलत होता.

हात मशीनपर्यंत गेला होता, हे भाऊ शपथेवर सांगतात. मग त्यांनी तो कोटाच्या खिशात घातला, वरून तो बिनबटणाचा खिसा दुसऱ्या हातानं दाबून धरला आणि कॅशियरला विचारलं, “मॅनेजर कुठी बसते?”