कॅमेऱ्यापुढचं लुगडं

टीव्हीवरच्या सुना जरीच्या साड्या नेसून झोपतात आणि नथीसकट उठतात, हे पाप स्वप्नालीचंही आहे. अंबरनाथ एमआयडीसीच्या पाठीमागच्या गावातली ही आगऱ्याची पोर. आधी नाटकाच्या कपडेपटात तिने इस्त्र्या फिरवल्या, राजाच्या अंगरख्याचे तुटके बंद शिवले आणि मग मालिकांत शिरून वेशभूषाकार झाली. मालिकेचा निर्माता म्हणजे राजवाडा मागणारा आणि खोपटाचं भाडं देणारा प्राणी. म्हणून तिची सगळी राजघराणी उल्हासनगरच्या बाजारात, कमलेश नावाच्या सिंधी कापडवाल्याच्या दुकानात तयार व्हायची.

"टीव्ही में कौन हाथ लगाके देखता है, साईं?" कमलेश ताग्यावर तागा उलगडत म्हणायचा. खरंच कोणी पाहत नव्हतं. असल्या चकचकाटावर स्वप्नालीचं घर चाललं होतं आणि त्या घरात बसून ती त्याच चकचकाटाला शिव्या घालायची.

तिचा खरा दात होता तो दुसऱ्याच गोष्टीवर. खाडीकडची बाई दाखवायची म्हटली की हे सिनेमा-मालिकावाले शहाणे तिला कोळणीसारखं लुगडं नेसवणार आणि हातात टोपली देणार. आगरी काय नि कोळी काय, यांना सगळं एकाच माळेचे मणी. दोघींचं लुगडं गुडघ्यापर्यंतच, पण खोचायची तऱ्हा निराळी. ते बघायला डोळे उघडे लागतात. एकदा तरी पडद्यावर आपल्या बायका आपल्यासारख्या दिसाव्यात, एवढंच तिला हवं होतं. म्हणून वरद नावाच्या दिग्दर्शकाने आगरी घरावरचा सिनेमा आणला तेव्हा ती हरखली. हा वरद लोक तंबाखू चघळतात तसा 'ऑथेंटिक' हा शब्द चघळायचा.

हळदीचा प्रसंग बदलापूरजवळच्या एका अंगणात होता. जमावात उभ्या करायला भाड्याच्या पोरी नकोत, गावातल्याच बायका आणते, असं स्वप्नालीने छातीठोकपणे सांगितलं. गावात जाऊन तिने कमळाबाईला, आपल्या आत्याला, बजावलं, "हळद आहे आत्या. सगळ्याजणी लुगडी नेसून या."

"येताव ना, बाय," आत्या म्हणाली.

शूटिंगच्या सकाळी टेम्पोतून तीसेक बायका उतरल्या. एकजात सगळ्या पिवळ्याधमक जाळीच्या, टिकल्यांच्या साडीत. केस फुगवलेले, तोंडाला पार्लरचा लेप. हल्ली गावात हळदीला सगळ्या बायका एकसारखी साडी घेतात. 'हळद' एवढं कानावर पडलं आणि बायांनी वर्गणी काढून उल्हासनगर गाठलं.

"आत्या, लुगडी कुठायत?"

"जुनेरा नेसून हलदीला कोन जातं? लोका हसतीन." मग आत्या कौतुकाने म्हणाली, "आनि ही सारी तुजीच हाय ना? टीव्हीन थोरल्या सुनंला नेसवलीस ती!"

साडी तिचीच होती. तिची नक्कल करून विकली होती कमलेशने, आणि ती नक्कल मूळ साडीपेक्षा बरी निघाली होती. स्वप्नालीला आधी चीड आली, मग हसू आलं. मग तिने नीट पाहिलं. बायका एकमेकींचे पदर सारखे करत होत्या, खिदळत होत्या. आजची हळद अशीच असते की! ती तडक वरदकडे गेली.

"हेच खरं आहे. आज आमच्याकडे असंच नेसतात. असंच घे."

ताटात शेण वाढल्यासारखं वरदने तोंड केलं. "पण हे ऑथेंटिक नाही वाटत."

त्याने फोन फिरवला. दुपारी भाड्याच्या कपड्यांची गाडी आली. आत नवी कोरी कोळी लुगडी आणि वर न मागता टोपल्या. वरदचे डोळे पाणावले. "बघ! हा मातीचा रंग!"

"ही कोळणींची आहेत. मी सांगेन तसं आगरी पद्धतीने तरी नेसवू."

"नको. भाड्याच्या दुकानवाल्याने नेसण्याचा फोटो पाठवलाय, अगदी तस्संच हवं. प्रेक्षकाला काय कळतंय? तू नेसवतेस, की असिस्टंटला सांगू? मग पडद्यावर नावही तिचंच जाईल."

उठून चालू पडायची हीच वेळ होती. इतकी वर्षं जगाला नाकं मुरडणारी ही बाई उठली, ती पिनांचा डबा आणायला.

आडोशाला कमळाबाई सर्वांच्या आधी पुढे आली. टिकल्यांची साडी तिने घडी करून बाजूला ठेवली आणि हात पसरून उभी राहिली. "नेसव बाय. सिनेमान तुजा नाव लागल ना?"

स्वप्नाली खाली बसून खोचू लागली, फोटोतल्यासारखं. लग्नापासून लुगडं नेसत आलेल्या बाईला कमरेशी काय चाललंय ते कळायला बघावं लागत नाही. हे आपलं नेसणं नव्हे, हे आत्याला पहिल्या वेढ्यालाच कळलं. तिने एकदा भाचीकडे पाहिलं आणि निरी नीट बसावी म्हणून पोट आत ओढून धरलं.

स्वप्नालीला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. आत्याने चारचौघींत एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. स्वप्नालीने शेवटचा खोचा मारला, पिन लावली आणि पुढच्या बाईला हाक दिली.