चपला सांभाळणारी बाई

अलिबागच्या समुद्रावर शहाळी विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. ओहोटीला लोक वाळूवरून चालत समोरच्या समुद्रातल्या किल्ल्यात जातात, तेव्हा चपला तिच्या गाडीखाली ठेवतात. कोयत्याने शहाळं सोलता सोलता ती पाहुण्यांना सांगत असते, मिसळ कुठे खायची, सुरमईचं ताट कुठल्या गल्लीत चांगलं मिळतं. नजर मात्र किल्ल्याकडे.

मी म्हसळ्याहून जमिनीच्या कागदासाठी आले होते. कचेरीतले साहेब दुपारनंतर येणार होते.

"किल्ला बघितलास?" तिने विचारलं.

"आम्ही इकडचेच," मी म्हटलं. खरं तर एकटीने जायची मला भीती वाटत होती.

"म्हनूनच न्हाय बघितलास. जा गो. भरती लागायच्या आत ये."

मी चपला काढल्या. ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं, त्यावरून मी चालत गेले. किल्ल्यातल्या विहिरीचं पाणी गोड लागलं. तिथे सावलीत बसले आणि वेळेचं भानच राहिलं नाही.

परतताना पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. समोर ती बाई लुगडं वर खोचून पाण्यात उभी होती.

"सगळ्यांच्या चपला गेल्या, तुझ्याच राहिल्या! झोपलीस काय तिथं? माझं जेवान अजून डब्यात हाय!" असं ओरडत तिने माझं मनगट धरलं.

घरी कुणाला उशीर झाला की मी दारात उभी राहते. माझ्यासाठी कोणी असं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माफी मागायची सोडून मी नुसती हसत राहिले.