दादाचा कॅमेरा आणि माझी हनुवटी

दादानं पुण्याहून डिजिटल कॅमेरा आणला, तेव्हा घरात सगळ्यांनी त्याची परीक्षा घेतली ती माझ्या हनुवटीवर. ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली मला पांढरा डाग आहे, शाळेत होते तेव्हापासून. नातेवाईक दबक्या आवाजात त्याला कोड म्हणतात. तेव्हा माझं लग्न जमत नव्हतं, आणि घरात कुठलाही विषय निघाला की फिरून त्या डागापाशीच यायचा. कॅमेरा तरी कसा सुटेल?

त्याआधी, नव्वदचं दशक सरताना, स्थळासाठी माझा पहिला फोटो काढला होता शहरात, लक्ष्मीपुरीतल्या एका स्टुडिओत. मागं रंगवलेला पडदा, हाताशी प्लॅस्टिकची फुलं, "मान जरा तिरकी, ताई." लग्नाच्या मुलीचा फोटो टचिंग करून द्यायचा हा तिथला रिवाजच होता, वेगळं सांगावं लागत नसे. मुलगी थोडी उजळ व्हायची, थोडी गुळगुळीत. त्या टचिंगमध्ये माझा डागही गेला. फोटो पसंत पडून चंदगडकडचे पाहुणे एसटीचे धक्के खात आमच्याकडं बावड्याला आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर मुलाच्या मामानं बशीला हातसुद्धा न लावता आप्पांना विचारलं, "फोटोतली पोरगी कुठं हाय?"

आप्पा म्हणजे माझे वडील. उभ्या आयुष्यात कुणाला फसवलं नाही, एवढाच त्या माणसाचा तोरा. ते जमिनीकडं बघत राहिले. मला मामाचा राग आला नाही. फोटोचा आला. त्या दिवशी मी आईला सांगितलं, यापुढं फोटो जाईल तो डागासकट जाईल. ज्यांना मी नको आहे, त्यांनी आपापल्या घरी बसून नको म्हणावं. माझ्या बापाला माझ्या दारात मान खाली घालायला लावायला कुणी येऊ नये.

आई म्हणाली, "ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं."

पुढं काही वर्षं हाच तंटा चालला. मग हा कॅमेरा आला. "ह्यात टचिंग-बिचिंग काय न्हाय. हाय तसंच येतंय," दादा म्हणाला, आणि मला बरं वाटलं. ट्यूबलाइटखाली खुर्चीवर बसवून त्यानं माझा फोटो काढला. फ्लॅश लखकन उडाला. काडेपेटीएवढ्या पडद्यावर सगळ्यांची डोकी जमली.

"आगं बाई, क्वालिटी बघ की!" आई म्हणाली.

मी बघितलं. फ्लॅशनं माझा चेहरा चुन्यानं सारवल्यासारखा पांढराफटक केला होता आणि डाग त्या पांढऱ्यात विरून गेला होता. आईचे डोळे भरून आले होते. डाग दिसत नाही म्हणजे कॅमेरा चांगला, असा निकाल लागला. स्टुडिओवाला निदान हातानं खोटं करायचा, हे यंत्र आपसूक करत होतं. आगीतून फुफाट्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेऊन गच्चीवर गेले. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, कठड्यावर चिमणीची काजळी पडली होती. ती पुसून मी तिथं लोणच्याची बरणी ठेवली, बरणीवर कॅमेरा. फ्लॅश बंद केला, टायमर लावला आणि समोर जाऊन उभी राहिले. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात उन्हानं डोळे मिटले. प्रत्येक वेळी धावत यायचं, फोटो बटणानं मोठा करायचा, सरकवत सरकवत हनुवटीपाशी न्यायचा आणि बघायचं. कधी डाग पुसट यायचा, कधी सावलीत जायचा. मी अगदी इरेला पेटले होते. शेवटी एका फोटोत तो आला, स्वच्छ, काठासकट. हाच, मी म्हटलं, आणि खाली येऊन बजावलं की हाच पाठवायचा.

आप्पा कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन शहरातल्या फोटो लॅबमध्ये गेले आणि संध्याकाळी पाकीट घेऊन आले. फोटोत गच्ची माझी होती, साडी माझी होती. हनुवटी कोरी होती.

"मी काय सांगितलं न्हवतं," आप्पा म्हणाले. "त्येनंच आपणहून केलं. म्हणला, 'पावणं, डाग काढलाय बघा. लग्नाचाच फोटो न्हवं?'" लॅबवाल्याला वाटलं, आपण पुण्य केलं. आईला वाटलं, देवानंच कौल दिला. माझा आवाज चढेपर्यंत पाकीट मध्यस्थाच्या हाती पडलंसुद्धा.

पाहुणे आले. मुलाच्या आईनं पर्समधून फोटो काढला, फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आप्पांची मान खाली जायला लागली. ते मला दुसऱ्यांदा बघवलं नसतं. मी ट्रे खाली ठेवला, आतून कॅमेरा आणला, गच्चीवरचा फोटो लावला, मोठा केला, पडदाभर नुसता डाग आणला आणि त्या बाईंच्या हातात दिला. "आम्ही हा काढला होता," मी म्हटलं. "तो लॅबवाल्यानं पुसलाय."

त्यांनी कॅमेरा लांब धरला, जवळ धरला.

"क्वालिटी चांगली हाय की ओ," त्या म्हणाल्या. मग कॅमेरा माझ्या हातात परत देऊन पोहे खाल्ले, चहा घेतला आणि सगळे उठले. निरोपाची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

आई आत जाऊन भांडी आदळत होती. आप्पांनी कॅमेरा मागून घेतला. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही. बोटं चुकत, कुठलं कुठलं बटण दाबत त्यांनी तो फोटो लहान केला, एकदाचा पुरता चेहरा आला. चष्मा कपाळावर सारून ते खूप वेळ बघत राहिले.

"ह्यात तू हसाय लागलीयास की गं," ते म्हणाले.

मी कॅमेरा घेऊन बघितलं. खरंच हसत होते. दादा, आई, लॅबवाला, त्या बाई, सगळे हनुवटी बघून थांबले होते. आणि मीसुद्धा. गच्चीवर एवढ्या वेळा फोटो मोठा करून बघितला, पण एकदाही तोंडाकडं बघितलं नव्हतं.